सोनेरी चौकटीतली अनवाणी मुले

इंग्लिश चित्रकार विल्यम कॉलिन्सच्या ‘रस्टिक सिव्हिलिटी’ या चित्रात खेड्यातली मुले वाटेवरच्या फाटकापाशी उभी आहेत. थोरल्याने फाटक उघडून धरले आहे आणि कपाळावरची बट ओढून तो कोणाला तरी मान देतो आहे. मालकलोकांपुढे तसे करण्याची तिकडची रीत होती. धाकटी भावंडे बुजून त्याच्याभोवती घुटमळताहेत. मान कोणाला दिला जातो आहे ते चित्रात दिसत नाही. दिसते ती फक्त जमिनीवर पडलेली घोड्याची आणि स्वाराची सावली. म्हणजे आपण चित्रासमोर ज्या जागी उभे राहतो, ती जागा त्या घोडेस्वाराची आहे. १८३२ साली हे चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागले आणि इतके आवडले की कॉलिन्सने त्याची दुसरी प्रतही रंगवली. दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली, गंजी पेटवल्या, त्या ‘कॅप्टन स्विंग’ दंगलींना तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत खेड्यातल्या मुलांची अशी चित्रे उदंड निघाली. देवादिकांची किंवा राजेरजवाड्यांची नव्हेत, तर रोजच्या जगण्यातले प्रसंग टिपणारी, म्हणजे ज्यांना ‘जॉनर’ चित्रे म्हणतात ती. ती कशी वाचायची यावर गेली साठेक वर्षे वाद चालू आहे. ही चित्रे त्या काळच्या ग्रामीण बालपणाचा पुरावा आहेत, की विकत घेणाऱ्यांच्या मनातल्या खेड्याचा? मुले खुशीत दाखवली ती खुशी कोणाची? आणि पुढे काही चित्रकारांनी कष्ट, चिखल, काजळी दाखवली, ती तरी खरी मानायची का?

मागणी कुठून आली

शेतकऱ्याघरची मुले चित्रात येणे एकोणिसाव्या शतकात सुरू झाले असे नाही. सतराव्या शतकातल्या डच चित्रांत ती आहेत, पण तिथे बहुधा गुत्त्याच्या गोंधळात, मोठ्यांच्या पायांत लुडबुडणारी, हसण्यासाठी ठेवलेली. मुलाकडे मूल म्हणून, आणि तेही आदराने, पाहायची सवय अठराव्या शतकात लागली. रूसोचे ‘एमिल’ १७६२ चे. मूल जन्मतः निर्मळ असते, समाज त्याला बिघडवतो, म्हणून त्याला शहरापासून दूर वाढवावे, हा त्यातला विचार सुशिक्षित घरांत पसरला. टॉमस गेन्सबरोने १७८५ मध्ये हातात घडा आणि काखेत कुत्र्याचे पिल्लू घेतलेली खेडवळ मुलगी रंगवली, तेव्हा तिचे फाटके कपडे त्याने लपवले नाहीत. उलट त्या फाटकेपणालाच शोभा आणली. डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत असलेले हे चित्र पुढच्या शंभर वर्षांच्या चित्रांचे मूळ ठरले, असे म्हणायला हरकत नाही.

मग गिरण्या आल्या, रेल्वे आली. १८५१ च्या शिरगणतीत इंग्लंड-वेल्समध्ये शहरी लोक पहिल्यांदाच निम्म्याहून जास्त भरले. खेडे मागे पडत होते आणि नेमकी तेव्हाच खेड्याच्या चित्रांची मागणी वाढत होती. गिऱ्हाईक बदलले होते. पूर्वीच्या सरदार-जमीनदारांच्या जोडीला आता कारखानदार आणि व्यापारी चित्रे घेऊ लागले. जॉन शीपशँक्स हे त्यातले ठळक नाव. लीड्सच्या कापड उत्पादक घराण्यातल्या या माणसाने समकालीन इंग्लिश चित्रांचा मोठा संग्रह जमवला आणि १८५७ मध्ये तो राष्ट्राला देऊन टाकला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘रस्टिक सिव्हिलिटी’ची जी प्रत आहे, ती याच देणगीतली. खेड्यातल्या मुलांची चित्रे कापडाच्या पैशातून जमावीत आणि त्याच काळात कापड गिरण्यांत मुलांच्या कामाचे तास किती असावेत यावर कायदे व्हावेत, हा योगायोग अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला नाही.

शीपशँक्सची देणगी मिळवण्यात आणि लावण्यात पुढाकार होता रिचर्ड रेडग्रेव्हचा. तो स्वतः जॉनर चित्रकार आणि साउथ केन्सिंग्टनच्या कलाशिक्षण व्यवस्थेचा प्रमुख अधिकारी. १८५७ मध्येच सुरू झालेले मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट पुढे याच साउथ केन्सिंग्टन पद्धतीने चालले. या चित्रांमागच्या अभिरुचीशी आपला धागा जुळतो तो इथे, अभ्यासक्रमाच्या वाटेने.

या चित्रांचा प्रसार मूळ चित्रांपेक्षा छापील प्रतींनी जास्त झाला. बसक्या बाकावरच्या शाळकरी पोरांचे चेहरे मास्तरांच्या मर्जीप्रमाणे खुलताना आणि उतरताना दाखवणारी टॉमस वेब्स्टरची ‘द स्माइल’ आणि ‘द फ्राउन’ (१८४१) ही जोडी घ्या किंवा अमेरिकन विन्स्लो होमरचे ‘स्नॅप द व्हिप’ (१८७२) घ्या. होमरच्या चित्राचे लाकडी ठशावरून केलेले रूप १८७३ मध्ये ‘हार्पर्स वीकली’त छापून आले. ज्याला चित्र परवडत नव्हते त्याच्या घरातही त्याची नक्कल पोचली. म्हणूनच हा प्रश्न केवळ कलेच्या इतिहासाचा राहिला नाही. बालपण म्हणजे काय याची सर्वसाधारण कल्पना घडवण्यात या चित्रांचा हात आहे.

पुरावा म्हणून चित्र

आधुनिक वादाची सुरुवात फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएसच्या १९६० च्या ग्रंथापासून धरतात. मध्ययुगात ‘बालपण’ ही स्वतंत्र कल्पनाच नव्हती, ती पुढे हळूहळू घडत गेली, हे त्याचे म्हणणे. आणि त्यासाठी त्याने जे पुरावे वापरले त्यांत चित्रांचा वाटा मोठा होता. मुले चित्रात छोट्या आकाराची मोठी माणसे दिसतात, म्हणजे समाज त्यांना तसेच पाहत होता, असा त्याचा तर्क. आरिएसचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या आधीचा, पण चित्रावरून बालपणाचा इतिहास लिहिता येतो हा विश्वास त्यानेच दिला.

त्याला उत्तरेही आली. लिंडा पोलॉकने १९८३ च्या पुस्तकात रोजनिश्या आणि आत्मचरित्रे तपासून दाखवले की आईबापांची माया चित्रशैलीबरोबर बदलत नव्हती. चित्रकाराला आधीची चित्रे माहीत असतात, तो त्यांच्या रिवाजात काम करतो. त्यामुळे चित्रातला बदल हा कित्येकदा चित्रकलेतलाच बदल असतो, जगण्यातला नव्हे. हा आक्षेप अजून कोणी खोडून काढलेला नाही. १९९८ मध्ये ॲन हिगोनेटने प्रश्नाची दिशाच थोडी वळवली. निरागस मूल ही रेनॉल्ड्स-गेन्सबरोच्या पिढीने घडवलेली प्रतिमा आहे आणि छापखान्यांनी व जाहिरातींनी ती घरोघर नेली. तेव्हा चित्र खरे का खोटे हे विचारण्याऐवजी त्या प्रतिमेने काय काम केले ते विचारावे, असे तिच्या मांडणीचे सार आहे. मला ही वाट पुढची वाटते. मात्र तिच्यावर चालताना शेतातले हाडामांसाचे मूल पुन्हा नजरेआड होते, हेही खरे.

उजेड कोणावर, सावली कोणावर

दुसरी मांडणी वर्गाची. जॉन बॅरलच्या १९८० च्या पुस्तकाने १७३० ते १८४० या काळातल्या इंग्लिश चित्रांत ग्रामीण गरिबांना कसे बसवले आहे ते गेन्सबरो, मोरलंड आणि कॉन्स्टेबलच्या आधाराने तपासले. गरीब चित्रात हवेत, पण श्रीमंताची झोप उडवणार नाहीत अशा बेताने: कामसू, समाधानी, आणि तसे दाखवणे अवघड झाले की दूर, लहान, सावलीत. बॅरलचे पुस्तक मुलांविषयी नाही. पण त्याचा तर्क मुलांना लावला की तो अधिकच घट्ट बसतो. मोठा मजूर मजुरी वाढवून मागू शकतो, गंज पेटवू शकतो. मूल यातले काहीच करत नाही. गरिबीकडे निर्धास्तपणे पाहायचे असेल तर गरिबाचे मूल पाहावे. कॉलिन्सच्या फाटकावरचा मुलगा मग गोड राहत नाही. दंगलीनंतर मालकवर्गाला जो नमस्कार हवा होता तो करणारा मुलगा होतो.

ही मांडणी धारदार आहे आणि विद्यापीठांतून दोन पिढ्या तिचा वरचष्मा राहिला. तिच्यात एक अडचण आहे: प्रत्येक चित्रातून एकच उत्तर निघते. मूल हसले तर ते समाधानी गरिबाचे ढोंग. रडले तर दयेचा बाजार. ख्रिस्तियाना पेनने १९९३ आणि १९९८ मध्ये शेतीची आणि झोपडीतल्या जगण्याची इंग्लिश चित्रे प्रदर्शनांच्या निमित्ताने तपशिलात पाहिली. त्या चित्रांत आदर्शीकरण आहे हे ती नाकारत नाही, पण त्या काळच्या प्रेक्षकाला त्यांत नीती, धर्म, आठवण, शेतीच्या कामाचे ज्ञान अशा अनेक गोष्टी दिसत होत्या, त्यांची दखल घ्यायला लावते. सरवा वेचणारी मुले पाहताना शेतीची जाण असलेल्या प्रेक्षकाला सरव्याच्या हक्कावरचा जुना तंटाही आठवत असणार. तो प्रेक्षक भाबडा होता असे धरून चालणे हा आपलाच भाबडेपणा.

अमेरिकेत हाच वाद वेगळ्या वळणाने गेला, कारण तिथे सरदार-कूळ हे नाते नव्हते आणि यादवी युद्धाची जखम ताजी होती. ‘स्नॅप द व्हिप’मध्ये अनवाणी मुलगे हातात हात घालून माळावर धावताहेत, मागे लाल रंगाची एका खोलीची शाळा आहे, आणि साखळीच्या टोकाची पोरे भिरकावली जाऊन पडताहेत. होमरने युद्धाची चित्रे आघाडीवर जाऊन काढली होती. म्हणून कोणी या साखळीत पुन्हा जोडले जाणारे राष्ट्र पाहतो, कोणी बाप युद्धात गमावलेली पिढी, तर कोणी केवळ मधल्या सुट्टीतला दंगा. सारा बर्न्सने १९८८ च्या निबंधात अनवाणी मुलग्यांच्या या लाटेला शहरी मध्यमवर्गाच्या हुरहुरीशी जोडले: शहरात कचेरीत बसणाऱ्या पुरुषाला आपण गावातून आलो याची गोड आठवण भिंतीवर हवी होती. होमरच्या चित्राच्या दोन प्रती आहेत. ओहायोतल्या यंग्सटाउनच्या प्रतीत मागे डोंगररांग आहे, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधल्या प्रतीत ती नाही. डोंगर एका प्रतीत का आहे आणि दुसरीत का नाही यावर कल्पना लढवण्यापेक्षा एवढे लक्षात घ्यावे की चित्रकार आठवण लिहीत नव्हता, रचना करत होता.

पोते पांघरलेली मुलगी

खरी गुंतागुंत वास्तववाद्यांपाशी सुरू होते. १८४८ च्या क्रांतीनंतर फ्रान्समध्ये कूर्बेने खडी फोडणारा म्हातारा आणि त्याच्या शेजारी टोपली उचलणारा कोवळा पोर मोठ्या कॅनव्हासवर रंगवला. ते चित्र १९४५ मध्ये ड्रेस्डेनजवळ नष्ट झाले. नॉर्मंडीच्या शेतकऱ्याचा मुलगा मिले बार्बिझॉनला राहून शेतीची चित्रे काढत होता. लीलच्या संग्रहालयातल्या त्याच्या ‘ला बेके’त उंबऱ्यावर बसलेल्या तीन मुलांना आई चमच्याने भरवते आहे, पाखरांच्या पिलांना भरवावे तशी, मागे बाप कुदळीने जमीन खणतो आहे. हे भावुक आहे का? आहे. पण बाप कामावरून उठलेला नाही आणि वाडगे एकच आहे. मिलेच्या चित्रात माया आणि टंचाई एकत्र नांदतात, त्यामुळे ‘भावुक विरुद्ध वास्तव’ ही वाटणी इथे मोडते. १८९० मध्ये सॅं-रेमीच्या इस्पितळात असलेल्या व्हॅन गॉगने मिलेच्या ‘पहिली पावले’ या चित्राच्या छायाचित्रावरून स्वतःचे चित्र रंगवले, यावरून ही प्रतिमा किती दूरवर पोचली होती ते कळते.

झ्यूल बास्त्यां-लपाजने पुढचे पाऊल टाकले. लोरेनमधल्या आपल्या दांव्हिए गावी, उघड्यावर बसून त्याने ‘पोव्र फोव्हेत’ (१८८१) रंगवले: निष्पर्ण झाड, काटेरी झुडपे, आणि जाडेभरडे पोत्यासारखे कापड पांघरून गाय राखणारी लहान मुलगी. ती गोड नाही, रडत नाही, काही मागतही नाही. थंडीत ताटकळत उभी राहणे हेच तिचे काम आहे. ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात हे चित्र आहे. चित्रकार १८८४ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला, पण तोवर ब्रिटनच्या तरुण चित्रकारांना त्याने झपाटले होते. जेम्स गथ्रीने स्कॉटलंडमध्ये कोबी कापता कापता ताठ उभी राहिलेली शेतगड्याची मुलगी रंगवली (१८८३). जॉर्ज क्लॉसनने इंग्लंडमध्ये गोटे वेचणारी पोर आणि पाखरे हाकणारा मुलगा रंगवला.

त्याच वर्षांत बुगेरोच्या चित्रांतल्या मेंढपाळ मुली अमेरिकन धनिकांच्या दिवाणखान्यांत जात होत्या. डेट्रॉइटला असलेल्या ‘द नट गॅदरर्स’मधल्या (१८८२) दोघी अनवाणी मुलींचे तळवे पाहावेत. रानात हिंडूनही त्यांना माती लागलेली नाही.

मग क्लॉसन खरा आणि बुगेरो खोटा, असे म्हणून मोकळे व्हावे का? क्लॉसनचेच ‘विंटर वर्क’ (१८८३-८४) अडवते. कडाक्याच्या थंडीत एक कुटुंब मेंढ्यांसाठी चाऱ्याचे बीट छाटत वाकलेले आहे; चिखल, जड बूट, निर्विकार चेहरे. उजवीकडे खेळायचे कडे हातात घेतलेली एक मुलगी उभी आहे. ही मुलगी क्लॉसनने नंतर घातली. चित्राचा कठोरपणा तिने कमी होतो, हे उघड आहे. विक्रीसाठी केलेली तडजोड म्हणावी, की शाळेत जाणाऱ्या नव्या पिढीची खूण? इंग्लंडमध्ये १८८० पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते, त्यामुळे दुसरा अर्थ अगदीच ओढूनताणून आणलेला नाही. माझा कल पहिल्याकडे आहे, तरी दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

फिनलंडच्या एरो यार्नेफेल्टच्या १८९३ च्या चित्रात जंगल जाळून शेत करणाऱ्या मजुरांमधली काजळलेल्या तोंडाची मुलगी थेट आपल्याकडे पाहते. या विषयावरच्या चित्रांत इतकी नजर भिडवणारे दुसरे मला ठाऊक नाही. पण यार्नेफेल्टने यासाठी छायाचित्रांचा आधार घेतला होता, म्हणजे ती मुलगी कॅमेऱ्यासमोर सांगितल्याप्रमाणे उभी होती. हेलावून टाकणारे चित्रही मांडलेलेच असते.

शाळेच्या दारात

शतकाच्या उत्तरार्धात खेड्यातले मूल शेतातून वर्गात सरकते. कायदे त्याच सुमाराचे. इंग्लंडमध्ये मुकादमाच्या हाताखाली शेतोशेत फिरणाऱ्या टोळ्यांत आठ वर्षांखालच्या मुलांना घ्यायला १८६७ मध्ये बंदी आली. फ्रान्समध्ये १८८१-८२ च्या फेरी कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले. स्वित्झर्लंडच्या १८७४ च्या राज्यघटनेतही मोफत, सक्तीचे शिक्षण आले.

स्विस चित्रकार अल्बर्ट आंकरचे नाव इथे आधी घ्यावे लागते. बर्न प्रांतातल्या इन्स गावचा हा माणूस, गावच्या शाळासमितीचे काम पाहणारा. त्याची मुले पाटीवर लिहितात, विणतात, धाकट्याला सांभाळतात; सगळे शांत, स्वच्छ, मन लावून. आजही स्वित्झर्लंडमध्ये तो घरचा चित्रकार मानला जातो. पण त्याच स्वित्झर्लंडमध्ये अनाथ आणि गरीब मुलांना गावपंचायती शेतकऱ्यांकडे कामाला देऊन टाकत. ही प्रथा विसाव्या शतकातही बराच काळ चालली आणि २०१३ मध्ये संघीय सरकारने तिच्याबद्दल जाहीर माफी मागितली. तेव्हापासून आंकरकडे पाहणाऱ्यांत दोन तट दिसतात. एक म्हणतो, त्याने देशाचे सोयीचे बालपण रंगवले. दुसरा म्हणतो, अशा मुलांचे हाल लिहिणाऱ्या गोट्हेल्फच्या कथांना आंकरनेच चित्रे काढली आणि गरिबांना सूप वाटण्याचा प्रसंगही त्यानेच रंगवला; मुलाला शांतपणे पुस्तकाशी बसवणे ही त्याची मागणी होती, थाप नव्हती.

रशियात गोष्ट आतून सांगितली गेली. निकोलाय बोग्दानोव-बेल्स्की गरीब मजूर बाईचा मुलगा; प्राध्यापकी सोडून ततेवो गावी शाळा काढणाऱ्या रचिन्स्कीने त्याला शिकवले. १८९५ च्या त्याच्या चित्रात खेडवळ मुले फळ्यावरचे तोंडी गणित सोडवताहेत: १० ते १४ या पाच संख्यांच्या वर्गांची बेरीज भागिले ३६५. उत्तर २. पहिल्या तीन वर्गांची बेरीज ३६५, उरलेल्या दोघांचीही ३६५, ही मेख ज्याच्या ध्यानात आली त्या मुलाने मास्तरांच्या कानात उत्तर सांगितलेले दिसते. दोन वर्षांनी त्याने शाळेच्या दारात पाठमोरा उभा असलेला फाटका पोर रंगवला. तो त्याचाच भूतकाळ आहे असे मानतात. इथे चित्रकार घोडेस्वाराच्या जागी नाही. वर्गीय मांडणीला हा अपवाद पचवणे जड जाते, आणि तिने त्याकडे फारसे लक्षही दिलेले नाही.

अमेरिकेत होमरच्या ‘संडे मॉर्निंग इन व्हर्जिनिया’त (१८७७) कृष्णवर्णीय मुले एका पुस्तकाभोवती दाटीने बसून अक्षरे लावताहेत. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना वाचायला शिकवणे युद्धापूर्वी गुन्हा होता. अनवाणी मुलग्यांविषयीच्या लिखाणात हे चित्र बराच काळ वेगळ्या कप्प्यात राहिले. ग्रामीण बालपण म्हटले की गोरा मुलगाच डोळ्यांपुढे ठेवायची सवय अभ्यासकांनाही होती.

वाद कुठे अडला आहे

दोन्ही टोके आता कोणी धरून बसलेले नाही. चित्र म्हणजे खिडकी, हे कोणी म्हणत नाही. चित्र म्हणजे निव्वळ फसवणूक, हेही नाही. अडचण मधल्या प्रदेशाची आहे. मुलींचे काम घ्या. गुरे राखणारी, पाणी वाहणारी, भावंड कडेवर घेऊन फिरणारी मुलगी या चित्रांत पावलोपावली आहे, पण ‘काम करणारे मूल’ या मथळ्याखाली चर्चा होते ती गोटे वेचणारीची. भावंड सांभाळणारी ‘मायाळू ताई’ म्हणून सुटते. चित्रकाराने ते काम मानले नाही आणि बहुतेक समीक्षकांनीही नाही.

युरोपचा पूर्व आणि उत्तर भाग एका सलग आढाव्यात आणण्याचे कामही बाकी आहे. बरेचसे लेखन इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेभोवती फिरते आणि तिथले निष्कर्ष सगळीकडे लावले जातात. १८६१ पर्यंत भूदासप्रथा असलेल्या रशियातले मूल आणि केंटमधल्या खेड्यातले मूल एकाच हुरहुरीने रंगवले गेले असेल, हे गृहीत धरण्यासारखे नाही.

सर्वांत मोठे मौन आहे ते समोर बसलेल्या मुलाचे. चित्र कोणी घेतले, कितीला घेतले, कोणाकडून कोणाकडे गेले, याच्या नोंदी संग्रहालयांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या असतात. तासन्‌तास थंडीत उभे राहणाऱ्या मुलाला काय मिळाले, त्या दिवशी त्याची शाळा बुडाली की शेतातली मजुरी, हे चित्रकारांच्या पत्रांत, हिशेबाच्या वह्यांत, छायाचित्रांत विखुरलेले आहे आणि ते गोळा करण्याचे काम नुकते कुठे सुरू झाले आहे. त्यातून जे हाती येईल ते संग्रहालयांनी चित्राशेजारच्या पाटीवर, देणगीदाराच्या नावाच्या जोडीने, लिहायला हवे.